हजार सभासदांची पेढी

घरातील मुलगा किंवा सून इंटरनेटवर संगीत, स्वयंपाक अथवा हिशेबशास्त्र शिकवते, हजारो लोक ते पाहतात आणि तरीही महिनाअखेरीस हाती फारसे काही पडत नाही, हे चित्र आता अनेक कुटुंबांना परिचित आहे. त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो: पाहणाऱ्यांकडून थेट वर्गणी घेऊन या कामाचा व्यवसाय होऊ शकेल काय? नव्या दुकानाला भांडवल देताना वडीलधारी मंडळी जमाखर्चाचे जे प्रश्न विचारतात, तेच येथेही विचारले गेले पाहिजेत.

अशा सभासदत्वाची आजची पद्धत रूढ होण्यामागे अमेरिकेतील एका संगीतकाराची अडचण आहे. ‘पॉम्प्लमूस’ या द्वयीतील जॅक कॉन्टी यांनी २०१३ मध्ये ‘पेडल्स’ या गीताच्या चित्रफितीवर सुमारे १०,००० डॉलर खर्च केले. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील अंतराळयानाच्या चालक-कक्षाची प्रतिकृतीच त्यांनी उभारली होती. प्रेक्षक कितीही लाभले, तरी जाहिरातींचा वाटा त्या खर्चाच्या जवळपासही जाणार नाही, हे ते अनुभवाने जाणून होते. महाविद्यालयीन दिवसांतील खोलीसोबती सॅम याम यांच्यासह त्यांनी त्याच वर्षी ‘पॅट्रिऑन’ ही सेवा सुरू केली. तीत चाहता ठरावीक रक्कम नियमितपणे देतो आणि संस्था त्यातून आपली दलाली कापून घेते.

त्याआधी पाच वर्षे, २००८ मध्ये, केव्हिन केली या लेखकाने एक हिशेब मांडला होता. कलावंताला लाखोंची गर्दी लागत नाही. वर्षाला प्रत्येकी १०० डॉलर मिळवून देणारे एक हजार निष्ठावंत चाहते असले, तर १ लाख डॉलरचे उत्पन्न होते. हिशेब बिनचूक आहे. मात्र त्यात गळतीचा रकाना नाही.

समजा, दरमहा १९९ रुपये देणारे ५०० सभासद जमले. महिन्याची जमा ९९,५०० रुपये दिसते. दर महिन्याला त्यांतील केवळ ५ टक्के सभासद गळाले आणि नव्यांची भर पडली नाही, तर वर्षाअखेर सुमारे २७० उरतात आणि जमा ५४ हजारांच्या आत येते. म्हणून नवे गिऱ्हाईक आणण्याइतकेच जुने टिकवण्याला येथे मोल आहे. सभासद पहिल्या महिन्यात शिक्षकासाठी येतो. पुढे तो टिकतो, तो बहुधा इतर सभासदांशी जुळलेल्या ओळखीमुळे. ठरलेल्या वारी होणारा वर्ग, शंकांना मिळणारे उत्तर आणि नवख्याला सांभाळून घेणारे जुने सभासद यांवरच असा समूह उभा राहतो.

हा विश्वास किती नाजूक असतो, याचा धडा खुद्द पॅट्रिऑनलाच डिसेंबर २०१७ मध्ये मिळाला. प्रत्येक वर्गणीमागे २.९ टक्के आणि वर ३५ सेंट असे शुल्क चाहत्यांकडून घेण्याचे संस्थेने जाहीर केले. एक डॉलर देणाऱ्याला त्यामुळे सुमारे १ डॉलर ३८ सेंट पडणार होते. एक-एक डॉलर अनेक कलावंतांना वाटून देणाऱ्यांवर हा भार सर्वाधिक होता. अनेकांनी वर्गणी बंद केली आणि ज्यांचा या निर्णयात काडीचाही हात नव्हता, त्या कलावंतांचे उत्पन्न घटले. आठवड्याभरात संस्थेने माफी मागून निर्णय मागे घेतला. परक्याच्या ओट्यावर दुकान मांडणाऱ्याने ओट्याचा मालक भाडे केव्हा वाढवील, हे गृहीत धरलेच पाहिजे. सभासदांच्या संमतीने त्यांचे ईमेल पत्ते स्वतःच्या वहीत असणे, हा त्यावरील साधा उपाय होय.

भारतात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. अतिरिक्त पडताळणीविना होणाऱ्या वसुलीची मर्यादा प्रारंभी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. नियम लागू होताच अनेकांच्या चालू वर्गण्या अडखळल्या होत्या. ग्राहकाच्या दृष्टीने हे संरक्षण हितकारकच आहे. परंतु प्रत्येक सूचनेबरोबर सभासद ‘हे अजून हवे आहे काय?’ असा विचार करतो, हे चालकाने विसरू नये.

सर्वांत मोठी चूक मात्र वहीत होते. एप्रिलमध्ये ३०० जणांनी वार्षिक २,००० रुपये भरले, तर बँकेत ६ लाख दिसतात. त्यांतील महिन्याचे कमावलेले उत्पन्न ५०,००० रुपयेच असते; उरलेली रक्कम ही न दिलेल्या सेवेपोटीचे देणे आहे. त्या पैशातून महागडा कॅमेरा घेतला आणि सहाव्या महिन्यात आजारपणाने वर्ग बंद पडले, तर परतफेड कोठून करणार? शिवाय सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आलीच.

तेव्हा घरातील तरुणाने हा मार्ग निवडल्यास त्याला हसण्यावारी नेऊ नये आणि डोळे झाकून भांडवलही देऊ नये. प्रथम वर्षभर मासिक वर्गणीच घ्यावी, पन्नास सभासदांना दिलेला शब्द पाळून दाखवावा, गळतीची नोंद दरमहा ठेवावी आणि ती वही घरातील जाणत्यांपुढे ठेवावी. वार्षिक वर्गणीचा विचार त्यानंतर करावा.