‘तेच गाणं’ म्हणजे कुठलं? : ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या निमित्ताने

मागच्या वेळी आपण थीसिअसच्या जहाजापाशी थांबलो होतो. एकेक फळी बदलत गेलेलं जहाज तेच राहतं की दुसरं होतं, यावर प्रश्नोत्तरं इतकी लांबली की शेवटी दिवे मालवून आपल्याला बाहेर काढावं लागलं. आज प्रश्न तोच आहे, पण लाकडाऐवजी सूर घेऊ. बीटल्सचं ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे चार मिनिटांहून किंचित मोठं गाणं. तरुण मंडळींना वाटेल, सरांना या वयात हे काय सुचलं! सुचलं त्याला कारण आहे, आणि ते एका कॅसेटचं आहे. त्यावर नंतर येतो.

आधी हकिगत. १९६६च्या शरद ऋतूत जॉन लेनन एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी स्पेनमधल्या अल्मेरियाला होता. तिथे मोकळ्या वेळात त्याने हे गाणं रचायला घेतलं. लिव्हरपूलच्या वूल्टन भागात सॅल्व्हेशन आर्मीचं एक बालकाश्रम होतं, त्याचं नाव स्ट्रॉबेरी फील्ड. त्या आवारातलं लहानपण गाण्यात आलं आहे. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोला बीटल्सनी आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला होता आणि दौरे थांबवले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण हे गाणं रंगमंचावर वाजवून दाखवायची जबाबदारीच त्यांच्यावर नव्हती.

२४ नोव्हेंबर १९६६ला लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत काम सुरू झालं. त्या दिवशीचा पहिला टेक १९९६ साली ‘अँथॉलॉजी २’मध्ये प्रसिद्ध झाला, तो तुम्ही ऐकू शकता. साधा, हळुवार आहे. आणि गंमत म्हणजे त्याची सुरुवात कडव्याने होते. आपल्याला माहीत असलेल्या गाण्यात धृपद आधी येतं. म्हणजे नुसते सूर आणि वाद्यंच नव्हेत, रचनेचा क्रमसुद्धा पुढे बदलला. मग काही दिवसांत सातवा टेक तयार झाला, तो बरा वाटला. लेननचं मात्र समाधान होईना. जॉर्ज मार्टिन हे त्यांचे निर्माते. त्यांनी चार ट्रम्पेट आणि तीन चेलो यांच्यासाठी स्वरलेखन केलं आणि डिसेंबरमध्ये पुन्हा नव्याने, जास्त आक्रमक अंगाने गाणं ध्वनिमुद्रित झालं. त्यात उलटी वाजवलेली झांज आहे आणि जॉर्ज हॅरिसनने छेडलेलं आपलं स्वरमंडल आहे. हॅरिसन त्याच शरदात मुंबईत येऊन रविशंकरांकडे सतार शिकून गेला होता. तर, हा झाला सव्विसावा टेक.

आता लेनन मार्टिनना म्हणाला, सातव्याची सुरुवात मला आवडते आणि सव्विसाव्याचा शेवट आवडतो, दोन्ही जोडून टाका. मार्टिन म्हणाले, दोन्हींच्या पट्ट्या वेगळ्या, लयी वेगळ्या. लेननला त्या अडचणीशी काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही कराल काहीतरी, असा त्याचा सूर होता. (आपल्याकडच्या गवयांना ओळखणाऱ्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.)

इथे थोडं तांत्रिक समजून घेऊ. ध्वनिफीत हळू फिरवली की दोन गोष्टी एकदम होतात. लय मंदावते, आणि सेकंदाला जितकी कंपनं कानावर पडायची तितकी पडत नाहीत म्हणून सूरही उतरतो. फितीवर या दोन गोष्टी अलग करता येत नाहीत. एरवी ही अडचणच, पण या वेळी ती मदतीला आली. दुसरा टेक जलद होता आणि चढाही होता, पेटीवरच्या शेजारच्या पट्टीइतका. त्यामुळे वेग जुळवायला गेलं की पट्टीही जवळपास जुळून येत होती. मार्टिन आणि ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक यांनी २२ डिसेंबरला वेग जुळवून फीत कापली आणि चिकटवली. सांधा साधारण साठाव्या सेकंदाला आहे. एकदा तो माहीत झाला की मग दर वेळी कान तिथे अडखळतो. सांध्यानंतर लेननचा आवाज जड, झोपेतून बोलल्यासारखा होतो. तो त्याचा अभिनय नाही, तो फितीचा वेग आहे.

आता माझा प्रश्न. हे गाणं कोणी गायलं? म्हणजे, आपण जे ऐकतो ते कधी घडलं? नोव्हेंबरात घडलं नाही, डिसेंबरात घडलं नाही. अशा आवाजात, अशा क्रमाने, एका दमात ते कोणीही, कधीही गायलेलं नाही. सुरुवातीची बासरीसुद्धा खोलीत कोणी वाजवलेली नाही. ती मेलोट्रॉनची आहे. त्या वाद्याची पट्टी दाबली की आत साठवलेली फीत वाजते. आपण ध्वनिमुद्रण म्हटलं की छायाचित्राची कल्पना करतो, समोर काहीतरी घडलं आणि ते टिपलं. इथे टिपण्यासारखी घटनाच नाही. हे चित्र आहे, छायाचित्र नव्हे.

नेल्सन गुडमन यांनी १९६८च्या आपल्या पुस्तकात कलांचे दोन वर्ग केले. चित्रासारख्या कलेत अस्सल वस्तू एक असते, तिची हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते. संगीताचं तसं नाही. स्वरलेखनाबरहुकूम केलेला प्रत्येक प्रयोग हा त्या कृतीचा अस्सल प्रयोग. पण गुडमन इतके कडक की एक सूर जरी चुकला तरी तो त्या कृतीचा प्रयोग नाही, असं ते म्हणतात. का? कारण एका चुकीला माफी दिली तर पुढच्या प्रयोगात आणखी एक, मग आणखी एक, असं करत करत बेथोव्हेनची सिम्फनी बालगीतापर्यंत पोचेल. तर्क म्हणून बिनतोड आहे. पण कुठल्याही मैफिलीला गेलेला माणूस हे मान्य करणार नाही.

पुढे १९९६ साली थिओडोर ग्रेसिक यांनी मांडलं की रॉक संगीतात मूळ कृती म्हणजे ध्वनिमुद्रणच. प्रत्यक्ष वादन हे त्याच्या मागून येतं. मला हे पटायला वेळ लागला. पटलं ते टॉड रंडग्रेन या अमेरिकी संगीतकारामुळे. त्याने १९७६ साली ‘फेथफुल’ नावाची तबकडी काढली. तिच्या एका बाजूला जुन्या गाण्यांच्या शक्य तितक्या हुबेहूब आवृत्त्या आहेत, त्यात हे गाणंही आहे. आता बघा. बेथोव्हेनची सोनाटा कोणी लिहिल्याप्रमाणे वाजवली तर आपण तिला नक्कल म्हणत नाही, वादन म्हणतो. रंडग्रेनचं ऐकून मात्र प्रत्येक जण म्हणतो, वा, काय नक्कल केली आहे! तोंडातून हा शब्द सहज निघतो, आणि तोच पुरावा आहे. नक्कल म्हटलं की समोर एक अस्सल वस्तू आपण गृहीत धरलेली असते. उलट १९९० साली कँडी फ्लिप या जोडीने नाचायच्या तालावर हेच गाणं केलं, ते ब्रिटनमध्ये चांगलं चाललं, आणि त्याला कोणी नक्कल म्हणालं नाही. ते ‘त्याच गाण्याचं’ दुसरं रूप. म्हणजे ‘गाणं’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळ्या वस्तू ठेवतो. एक सडपातळ, शब्द आणि चाल एवढीच. दुसरी भरगच्च, तिच्यात झांजेचा खरखराटही आला.

आपण सडपातळ वस्तूवर वाढलेले लोक. बंदिशीचं ‘मूळ ध्वनिमुद्रण’ कुठलं, हा प्रश्नच आपल्याला हास्यास्पद वाटतो. आणि आपल्या परंपरेत याला तात्त्विक आधार आहे. भर्तृहरी वाक्यपदीयात प्राकृत ध्वनी आणि वैकृत ध्वनी असा भेद करतो. द्रुत, मध्यम, विलंबित हे वृत्तींचे भेद वैकृत ध्वनीचे. शब्दाच्या स्वरूपाला त्यांचा स्पर्श होत नाही. हळू म्हटला तरी शब्द तोच. हे शब्दाबद्दल खरं आहे. पण त्या सांध्याबद्दल? तिथे वेग हाच आशय आहे. फीत मंदावल्याने जड झालेला तो आवाज काढून घेतला तर शब्द राहतील, चाल राहील, आणि ज्यासाठी आपण हे ऐकतो ते जाईल. भर्तृहरीला टेपरेकॉर्डर भेटला नाही. भेटता तर त्याने तिसरा ध्वनी मांडला असता, असं मी गमतीने म्हणतो.

हे सगळं आज सांगायचं कारण असं की आवृत्त्यांचा पूर आला आहे. १९६७च्या फेब्रुवारीत ‘पेनी लेन’बरोबर तबकडी आली ती मोनो होती. (ब्रिटनमध्ये ती दुसऱ्या क्रमांकावर अडकली, पहिल्यावर एंगेलबर्ट हम्परडिंक होते!) स्टिरिओ मिश्रण वेगळं, १९७१मध्ये मार्टिननी केलेलं आणखी वेगळं. २००६च्या ‘लव्ह’मध्ये मार्टिन पितापुत्रांनी घरगुती ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करून वेगवेगळे टेक एकात एक ओवले. २०१७ साली सातवा आणि सव्विसावा टेक सबंध बाहेर आले, २०१५चं नवं मिश्रणही त्यांच्याबरोबर. लोक म्हणतात, आता खरं मूळ कळलं. मला हे साफ चुकीचं वाटतं. सातवा टेक हे मूळ नाही, तो कच्चा माल आहे. या गाण्याचं मूळ सगळ्यात शेवटी तयार झालं, कात्रीने.

आणि कर्त्याची इच्छा? मार्टिन यांनी एक आठवण सांगितली आहे. फार वर्षांनी लेनन त्यांना म्हणाला की आपली सगळीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करावीशी वाटतात. मार्टिननी चकित होऊन याच गाण्याबद्दल विचारलं. उत्तर आलं, ते तर आधी. केलं असतं तर ते आणखी एक गाणं झालं असतं, कदाचित चांगलंही. पण १९६६च्या वस्तूवर लेननचाही तेवढा हक्क उरला नव्हता.

आता कॅसेट. संशोधक विद्यार्थी असताना पुण्यात वसतिगृहात माझ्या खोलीत एक मित्र होता. त्याच्या भावाने आखातातून टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर त्याने मला हे गाणं भरून दिलं. यंत्र सदोष होतं, त्यामुळे कॅसेटवरचं गाणं थोडं जलद आणि चढं आहे. मला कळायला मार्गच नव्हता. वीस वर्षं मी तेच ऐकलं. मग मुलीकडे सीडी ऐकली आणि पहिल्यांदा वाटलं, हा कोण आजारी माणूस गातोय? मित्र आता नाही. मागच्या वर्षी मी ती कॅसेट संगणकावर घ्यायला एका दुकानात दिली. तिथला मुलगा मन लावून काम करणारा. म्हणाला, “सर, स्पीड चुकलाय, करेक्ट करून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.”

आतापर्यंत मी तुम्हाला जे सांगितलं त्याप्रमाणे उत्तर सोपं आहे. कृती म्हणजे ते ध्वनिमुद्रण, माझी कॅसेट तिची सदोष प्रत, दोष दुरुस्त करावा. गुडमन हेच म्हणाले असते, ग्रेसिकही बहुधा. मी त्याला म्हटलं, “राहू दे, आहे तसं दे.” तो माझ्याकडे बघत राहिला. घरी येताना मी माझ्या बाजूने युक्तिवाद शोधत होतो, आणि कबूल करतो, टिकेल असा एकही सापडला नाही. ती कॅसेट ‘ते गाणं’ आहे असं मी म्हणू शकत नाही. आणि ते नाही असंही तोंडून निघत नाही.

यावर तुमचं काय मत आहे ते प्रश्नोत्तरांत घेऊ. त्याआधी तीन गोष्टी ऐकवतो, सातवा टेक, मग सव्विसावा, मग १९६७ची मोनो तबकडी. तबकडी सुरू झाली की घड्याळाकडे बघू नका; सांधा कुठे आला असं वाटलं की नुसता हात वर करा. हं, लावा.