जुनी मोटार घेतांना व वापरतांना

खेड्यांतील शेतकऱ्याच्या दारांत मोटार उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. दवाखाना, मुलांचें शिक्षण, बाजारसमिती व तालुक्याच्या कचेऱ्या हीं सर्व दूर असल्यामुळें पुष्कळ कुटुंबांस तिची गरज भासते. नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य सर्वांस नसतें; म्हणून ऊंसाचें बिल किंवा कांद्याची पट्टी हातीं आली कीं जुन्या गाडीचा शोध सुरू होतो. घरांतील जो मुलगा ती चालविणार तो बहुधा नुकताच शिकलेला असतो. अशा वेळीं घाई झाल्यास वर्षाची कमाई एका व्यवहारांत बुडते, आणि गाडी सदोष निघाल्यास जिवासहि धोका पोंचतो. म्हणून ह्या विषयावर वाचकांच्या उपयोगीं पडतील अशा कांहीं गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गरज व रक्कम

गाडी कशासाठीं पाहिजे हें प्रथम ठरवावें. दररोज दोन-तीन किलोमीटर मळ्यापर्यंत जाऊन येणें एवढेंच काम असेल, तर अलीकडची डिझेल गाडी घेण्याचा मोह आवरावा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा ह्या प्रमाणाच्या डिझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. तींत सांचलेली काजळी जळून जाण्यास गाडी अधूनमधून कांहीं वेळ सलग व बऱ्या वेगानें चालावी लागते. केवळ आखूड फेऱ्या होत राहिल्यास गाळणी तुंबते, व ती दुरुस्ती फार महाग पडते.

पेट्रोलची गाडी घेतांना ती इथेनॉलचें किती मिश्रण सोसते, हें तिच्या माहितीपुस्तकांत पाहावें. आपल्याच ऊंसापासून होणारें इथेनॉल हल्लीं पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत मिसळलें जातें. २०२३ पूर्वींच्या पुष्कळ गाड्या त्याहून कमी मिश्रणाच्या हिशेबानें बनविलेल्या आहेत. त्यांच्या रबरी नळ्या वरचेवर तपासून घेणें बरें.

रकमेविषयीं आमचें सांगणें असें कीं, जवळ पांच लाख असल्यास गाडी चार लाखांचीच पाहावी. जुन्या गाडीस टायर, बॅटरी, तेलें, विमा व नोंदणीचा खर्च लगेच येतो. हातची सर्व रक्कम किंमतींतच गेली, तर हीं कामें लांबणीवर पडतात, आणि गाडी पहिल्या वर्षांतच दगा देते.

कागदपत्रें

जमीन घेतांना आपण सातबारा पाहतों, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे काय हें तपासतों, व खरेदीनंतर फेरफार नोंदवून घेतों. मोटारीचेंहि अगदीं तसेंच आहे. आर. सी. बुकावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं स्वतः ताडून पाहावे. त्यावर एखाद्या बँकेचा बोजा नोंदलेला असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला व नमुना ३५ मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत. सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीची नोंदणी व विम्याची मुदत पाहतां येते, व तिच्यावर राहिलेला दंडहि कळतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. परराज्यांतील गाडी स्वस्त दिसली तरी ती बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवावयाची असल्यास येथील नोंदणी व कर भरावा लागतो. तो खर्च किंमतींत धरूनच सौदा करावा.

नांव बदलून घेण्यासाठीं नमुना २९ व नमुना ३० भरावे लागतात. विकणारानें चौदा दिवसांत व घेणारानें तीस दिवसांत आर. टी. ओ. कचेरीस कळवावें, असा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. विमाहि चौदा दिवसांत आपल्या नांवावर करून घ्यावा. स्टँपपेपरवर सह्या झाल्या म्हणजे काम संपलें असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो घातक आहे. गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नांवें राहिली तोच मालक समजला जाऊन अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. म्हणजे ओळखीच्या माणसास विश्वासानें गाडी देणाऱ्याची जमीनहि ह्या एका हयगयीनें अडचणींत येऊं शकते. घेणारानेंच नव्हे, विकणारानेंहि ही गोष्ट मनांत धरावी.

गाडीची परीक्षा

बैलबाजारांत शिंगें साळून तेल लावलेल्या जनावरास जाणता शेतकरी भुलत नाहीं. तो दांत पाहतो, चालवून पाहतो व खुरांवर नजर टाकतो. गाडीच्या रंगासहि तसेंच भुलूं नये. परीक्षा दिवसाउजेडीं करावी, व मिस्त्री आपल्या विश्वासाचा न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे.

इंजिन थंड असतांनाच गाडी सुरू करावयास सांगावें. आधींच तापवून ठेवलेली गाडी आपले पुष्कळ दोष लपविते. निळसर धूर येत राहिल्यास इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. दाट पांढरा धूर गाडी तापल्यावरहि थांबत नसेल, तर थंडाव्याचें पाणी इंजिनांत शिरत असण्याचा संभव असतो. तेलाचें झांकण उघडून आंत दुधासारखा फेस दिसल्यास तीच शंका घ्यावी.

किलोमीटरचा आंकडा मागें फिरविणें अवघड नाहीं. म्हणून पेडलांचें रबर, चालकाची बैठक व स्टिअरिंग किती झिजलें आहे हें पाहावें, आणि सर्व्हिसच्या नोंदींशीं तो आंकडा जुळतो काय तें तपासावें. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. तीवरून त्याचें वय कळतें. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनलेला. टायर एकाच कडेला झिजले असतील, तर चाकांचा मेळ बिघडला आहे.

जुलै २००५ मध्यें मुंबई, ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर व सांगली, आणि जुलै २०२१ मध्यें चिपळूण येथें महापुरानें हाहाकार उडाला. अशा पाण्यांत बुडालेली गाडी धुवून पुसून बाजारांत येण्याचा संभव नेहमींच असतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, जादा चाकाच्या खळग्यांत गाळ आहे काय तें बघावें, व बैठकीखालच्या लोखंडावर गंज असल्यास सौदा सोडून द्यावा. तिच्या विजेच्या तारा आंतून कुजत जातात, व हा दोष पुढें अनेक महिन्यांनींहि उघडकीस येतो.

शेवटीं गाडी चढावर व खडबडीत रस्त्यावर चालवून पाहावी. वरच्या गियरमध्यें इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं असें दिसल्यास क्लच संपला आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबतांच गाडी एका बाजूस ओढूं लागल्यास कारण कळल्यावांचून पुढें बोलूं नये.

निगा

घरीं आणल्यावर इंजिन तेल, तेलाची गाळणी, हवेची गाळणी व ब्रेकचें तेल बदलून घ्यावें, व तारीख वहींत टिपून ठेवावी. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून तें साधारणपणें दोन वर्षांनीं बदलणें योग्य. दर आठवड्यास गाडी सपाटीवर उभी करून तेलाची काडी पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें, जास्त भरणेंहि हानिकारक आहे. रेडिएटरमध्यें विहिरीचें क्षाराचें पाणी ओतूं नये. नळ्यांत पापुद्रे धरतात. ठरलेलें कूलंटच वापरावें, व इंजिन गरम असतांना त्याचें झांकण कधींहि उघडूं नये. टायरमधील हवा गाडी थंड असतांना, दारापाशीं लिहिलेल्या प्रमाणानें भरावी.

मातीच्या रस्त्यावरील धुळीनें हवेची गाळणी लवकर कोंदते. पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीपूर्वींच ती पाहावी. धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी करूं नये, कारण उंदीर इंजिनांत शिरून तारा कुरतडतात.

नव्या चालकास

शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्यावांचून पक्क्या परवान्यासाठीं अर्ज करतां येत नाहीं. ते दिवस जाणत्या परवानाधारकास शेजारीं बसवून खरोखरच शिकण्यांत घालवावे. क्लचवर पाय ठेवून चालविण्याची संवय लागूं देऊं नये. गाळपाच्या हंगामांत ऊंसाच्या ट्रॉल्या रात्रीं मागील दिव्यावांचून रस्त्यावर असतात. अशा वेळीं वेग कमी व अंतर अधिक ठेवावें. ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनींहि मागें परावर्तक पट्ट्या लावाव्या, कारण त्या अंधारांत आपल्याच गांवचीं मुलें येत असतात.

अठरा वर्षांखालील मुलाच्या हातीं गाडी मुळींच देऊं नये. त्याच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें झाली आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षां मुलाच्या जिवाची काळजी मोठी आहे, हें सांगावयास पाहिजे असें नाहीं. गाडी ही जनावराप्रमाणें मुकी असते. तिच्या दुखण्याकडे धन्यानेंच वेळीं लक्ष दिलें पाहिजे. एवढें जो करील त्यास जुनी मोटारहि अनेक वर्षें इमानानें साथ देईल.