शंभराचे साडेबारा का होतात?

पंचवटीतल्या घरी १०० एमबीपीएसचं ब्रॉडबँड घेतलं, तरी फाइल उतरताना पडद्यावर सेकंदाला फार तर १२.५ एमबी दिसतात. यात फसवणूक नाही. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून वेगाला ८ ने भागायचं. जाहिरातीत हे स्पष्ट छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रामकुंडावरच्या गोदाआरतीचा १ जीबीचा व्हिडिओ म्हणजे ८,००० मेगाबिट. तो उतरायला किमान ८० सेकंद. प्रत्यक्षात थोडे जास्तच, कारण पत्ते आणि तपासणीची माहितीही त्याच वाटेने जाते. नातेवाइकांना तो पाठवायचा असेल, तर अपलोडचा वेग वेगळा पाहा. मोबाइलवर तो बहुधा बराच कमी असतो.