नवशिक्याचे हेल्मेट

कांद्याचे पैसे हाती आले की पुष्कळ घरांत मोटारसायकल येते. कोणती गाडी घ्यावी, ॲव्हरेज किती देते, हे आपण दहा जणांना विचारतो. हेल्मेट मात्र दुकानदार देईल ते घेतो. आम्ही म्हणतो, हे उलटे झाले. गाडी निवडताना चुकलो तर पैसे जातील. हेल्मेट निवडताना चुकलो तर घरचे माणूस जाईल.

काही जण म्हणतात, “शिकणारा हळू चालवतो. त्याला हेल्मेट कशाला?” अहो, त्यालाच ते आधी हवे! ब्रेक किती दाबावा याचा त्याला अंदाज नसतो. लासलगाव–विंचूर रस्त्यावर पुढे कांद्याची ट्रॉली, मागे ट्रक आणि कडेला माती. नवशिका गडबडतो आणि पडतो. हळू पडला तरी डोके दगडावर आपटले तर जीव जाऊ शकतो.

हेल्मेट डोके कसे वाचवते? आपल्या निफाड तालुक्यात द्राक्षे पेटीत भरतात. पेटी कडक असते, पण आत मऊ कागद घालतात. म्हणजे धक्का कागद खातो, द्राक्ष फुटत नाही. हेल्मेटचेही तसेच आहे. वरचे कवच कडक असते. आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर दबतो आणि धक्का स्वतः खातो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी टाकून द्यावे. कुणाचे जुने विकत घेऊ नये.

ही गोष्ट जगाला हळूहळू कळली. १९३५ साली इंग्लंडात लॉरेन्स नावाचा प्रसिद्ध सैनिक मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार लागून तो वारला. त्याच्या उपचारांत केर्न्स नावाचे डॉक्टर होते. पुढे त्यांनी मोटारसायकलवर निरोप नेणाऱ्या सैनिकांच्या अपघातांचा अभ्यास केला. हेल्मेटने डोके वाचते, हे त्यांनी १९४१ साली लिहून दाखवले. २००८ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचा ताळा घेतला गेला. हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले.

आता निवड कशी करावी ते पाहू.

पहिले, शिक्का. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का हवा. त्याच्या वर ४१५१ हा आकडा आणि खाली परवान्याचा क्रमांक असतो. हे इंग्रजीत छापलेले असते. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत न्या. १ जून २०२१ पासून बिनशिक्क्याचे हेल्मेट विकायला कायद्याने बंदी आहे. बांधकामावरची प्लास्टिकची टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे.

दुसरे, माप. भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती टेप धरा. जितके सेंटिमीटर भरेल, तितक्या मापाचे घ्या. घालून मान हलवा. हेल्मेट गालांना घट्ट बसावे, डुलता कामा नये. फेटा किंवा टोपी काढूनच माप घ्या. बायकांनी अंबाडा सैल सोडून पाहावे.

तिसरे, पट्टा. हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढाच सैल ठेवा. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताना आधी उडते, मग माणूस पडतो.

चौथे, आकार. तोंड झाकणारे हेल्मेट जबडाही वाचवते. रात्रीसाठी समोरची काच पांढरी घ्या, काळी नको.

पडताना माणूस हात आधी टेकतो. म्हणून शिकताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घालावेत. चपलेवर शिकू नये. मागे बसणारीने पदर खोचावा. मागच्या चाकाला साडीची जाळी आहे ना, तेही पाहावे.

कायद्याने चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट लागते, मागे बसणाऱ्यालासुद्धा. “गावातल्या गावातच जायचंय,” असे म्हणू नका. गावातला दगडही दगडच. गाडीची किल्ली हातात घेण्याआधी पट्टा लावा. पोलिसासाठी नव्हे, घरी वाट पाहणाऱ्यांसाठी.