म्हाताऱ्या गाड्यांची जत्रा



या पानावर आपण नेहमी बेणेप्रक्रिया, पाचट, हुमणी आणि खताचे हप्ते वाचता. या खेपेस थोडी वाट वाकडी करून आम्ही अमेरिकेतील एका जत्रेची हकीगत सांगणार आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला मोटारींच्या शर्यतींचे काय पडले आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा. विषय फिरून आपल्याच फडात येतो, तेवढा धीर धरावा.

आमच्या गटात एक वयोवृद्ध सभासद आहेत. सारे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असतात. दोन वर्षांपूर्वी ते दिवाळीला गावी आले होते. आम्ही लागणीची नोंद घ्यायला वस्तीवर गेलो. चहा झाला आणि त्यांनी मोबाईलवर एक चित्रफीत लावली. तिन्हीसांजेची वेळ, लांबच लांब डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंना माणसांची ही गर्दी. मधे ओळीने उभ्या असलेल्या गाड्या, नांगराच्या इसाडासारख्या लांब आणि निमुळत्या. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. नुसत्या गर्जत होत्या, आणि इंजिनाच्या नळ्यांतून ज्वाळा वर निघत होत्या. बऱ्याच गाड्यांत पांढऱ्या केसांची माणसे बसलेली.

“पळत का नाहीत?” आम्ही विचारले.

“पळवायच्याच नाहीत. तोच तर नियम आहे,” चिरंजीव म्हणाले.

हे ऐकून खाटेवर आडवे झालेले अण्णा उठून बसले. का, ते पुढे सांगतो. आधी त्या गाड्यांची कुळकथा.

पाव मैलाची धाव

या शर्यतीला ‘ड्रॅग रेस’ म्हणतात. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या करायच्या आणि उभ्या जागेवरून सरळ सोडायच्या. वळण नाही, फेरा नाही. अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. पुढे जो पोचला तो जिंकला. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीचीच जातकुळी म्हणा ना.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत तरुण पोरांनी जुन्या स्वस्त गाड्या घेतल्या, इंजिने खोलून त्यांत नाना खटपटी केल्या आणि भर रस्त्यावर शर्यती लावल्या. अपघात होऊ लागले. तेव्हा वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था काढली. त्यांचे म्हणणे साधे होते. पोरांची हौस मारू नका, पण ती रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर न्या, आणि तिला नियम लावा. युद्धासाठी बांधलेल्या विमानांच्या धावपट्ट्या ठिकठिकाणी मोकळ्या पडल्याच होत्या.

बेकर्सफील्ड शहराजवळची फॅमोसो ही तशीच एक धावपट्टी. भाग सगळा शेतीचा. बदाम, द्राक्षे आणि संत्र्यांच्या बागा, मधूनमधून तेलाच्या विहिरी. तिथल्या ‘स्मोकर्स’ नावाच्या मंडळाने १९५९ साली मोठी स्पर्धा भरविली. पूर्वेकडच्या फ्लोरिडा राज्यातून डॉन गार्लिट्स नावाचा तरुण आपली गाडी घेऊन आला. खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास. जिंकले मात्र कॅलिफोर्नियाचे आर्ट क्रिसमन. पण गार्लिट्स हे नाव लक्षात ठेवावे.

इंजिनाचा खुराक

या गाड्यांचे इंजिन म्हणजे मोठ्या मोटारीचे आठ सिलिंडरचे क्रायस्लर इंजिन. त्याच्या डोक्यावर हवा कोंबणारा पंखा, म्हणजे ब्लोअर. हा ब्लोअर मुळात बस-ट्रकच्या डिझेल इंजिनाचा. सहा सिलिंडरचे आणि दर सिलिंडरला ७१ घनइंचाचे ते डिझेल इंजिन, म्हणून ब्लोअरचे नाव पडले ‘सिक्स-सेव्हन्टीवन’. भंगारातून काढायचा आणि शर्यतीच्या गाडीवर बसवायचा. जुगाड काही एकट्या आपल्याच मुलखात होतो असे नाही.

खरी गंमत इंधनात आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. या गाड्यांत नायट्रोमिथेन घालतात, बहुधा मिथेनॉलमध्ये मिसळून. नायट्रोमिथेनला किलोमागे पावणेदोन किलो हवा पुरते, कारण त्याच्या अंगातच प्राणवायू असतो. किलोमागची उष्णता पाहिली तर ती पेट्रोलच्या जेमतेम चौथाई. पण तेवढ्याच हवेत आठपटीहून अधिक इंधन जाळता येते. हिशेब मांडला तर शक्ती सव्वादोनपटीच्या आसपास जाते. आपल्या कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून होते ते इथेनॉल. मिथेनॉल त्याचा भाऊबंद, पण विषारी. शिवाय त्याची ज्वाला उन्हात दिसतसुद्धा नाही.

एवढा खुराक दिला की अपचनही तसेच होते. मिश्रण कमी पडले तर धडाके होऊन पिस्टन वितळतात. न जळलेले इंधन सिलिंडरमध्ये साचले तर पातळ पदार्थ काही दाबला जात नाही, आणि मग पोलादच फुटते. जादा युरियाने ऊस काळाभोर दिसतो, पहिल्याच वाऱ्याला लोळतो आणि उतारा बसतो, हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. नत्राचा लोभ सगळीकडे सारखाच.

गलोलीतला माणूस

१९६४ साली गार्लिट्स यांनी न्यू जर्सी राज्यात पाव मैलाच्या टोकाला ताशी २०१ मैलांचा वेग नोंदविला. म्हणजे ताशी सुमारे ३२४ किलोमीटर, तोही उभ्या जागेवरून आठ सेकंदांच्या आत. पुढे गाडी थांबवायला मागे हवाई छत्री उघडावी लागते.

त्या काळच्या गाडीत इंजिन पुढे आणि चालक पार मागे, मागच्या आसाच्याही पाठीमागे बसे. गलोलीत खडा बसतो तसा. म्हणून त्या गाड्यांना नावच ‘स्लिंगशॉट’ पडले. इंजिनातले काही फुटले की आग, तेल, तुकडे सगळे थेट माणसाच्या तोंडावर. क्लच आणि गिअर तर पायांजवळच.

८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिस भागातील लायन्स धावपट्टीवर गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले. त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग तुटून गेला.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता, किंवा नशिबाला बोल लावून तीच गाडी पुन्हा बांधली असती. या माणसाने दवाखान्यात पडल्यापडल्या विचार केला, की चूक नशिबाची नाही, मांडणीची आहे. इंजिन माणसाच्या मागे गेले पाहिजे. असे प्रयत्न आधीही झाले होते, पण गाडी सरळ राहत नसे. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी खटपट करून स्टिअरिंगची चाल मंद केली, आणि गाडी सुतासारखी सरळ जाऊ लागली. १९७१ च्या आरंभी पोमोना येथील मोठी स्पर्धा त्यांनी त्याच गाडीने जिंकली. काही वर्षांत वरच्या वर्गात पुढच्या इंजिनाची गाडी औषधालाही उरली नाही.

संध्याकाळचा कलकलाट

मग त्या जुन्या गाड्यांचे काय झाले? काही भंगारात गेल्या. काहींचे सांगाडे गोठ्यांत, गॅरेजांत, अडगळीत पडले. १९९२ साली फॅमोसोवर जुन्या मंडळींचे स्नेहसंमेलन सुरू झाले. ऑक्टोबरातले, शनिवार-रविवार धरून. त्या निमित्ताने माणसांनी सांगाडे शोधून काढले, पुन्हा उभे केले, पूर्वीचेच रंग दिले. आणि २००० सालापासून तिथे शनिवारच्या संध्याकाळी एक नवा प्रकार आला, ‘कॅकलफेस्ट’. अंडे घातल्यावर कोंबडी कलकल करते ना, त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. नायट्रोवरचे इंजिन जागच्या जागी तसेच फडफडत बोलते, म्हणून हे नाव. आपण त्याला कलकलाटाची जत्रा म्हणू.

या गाड्यांना स्टार्टर नसतो. मागून एक मोटार किंवा ट्रक लागतो आणि ढकलत नेतो. चालक घाई करीत नाही. आधी इंजिन नुसते फिरू देतो, तेलाचा दाब काट्यावर दिसू देतो, मगच मॅग्नेटोचा खटका लावतो. भडका उडतो, इंजिन बोलू लागते. अशा एकामागून एक गाड्या लोकांसमोरून येतात आणि रांगेत उभ्या राहतात. मग सगळ्यांचा मिळून आवाज. छातीचे हाड थरथरते म्हणे. इंधनाच्या उग्र वाफेने डोळ्यांतून पाणी येते, तरी माणसे पुढे पुढे सरकतात. शक्य असेल तिथे, त्या गाडीचा त्या काळचा चालकच आत बसवितात. पन्नास वर्षांमागे तिने ज्याला जिंकविले, तोच.

आणि एवढे सगळे करून गाडी पळवायची नाही! कारण तिचा सांगाडा त्या काळचा. आजचे सुरक्षेचे नियम तिला लागू केले तर ती नापास. पोलादालाही वय असते. वारंवार ताण बसून आतून बारीक चिरा जातात, वरून रंग झकास दिसतो. आपल्या कारखान्यात ओव्हरहॉलिंगला मिलचे शाफ्ट ध्वनिलहरींनी तपासतात ते याचसाठी. ज्यांना शर्यतच लावायची आहे त्यांच्यासाठी जुन्या घाटाच्या, पण नव्या नियमांनी बांधलेल्या गाड्या असतात. त्या दिवसभर पळतात. संध्याकाळ मात्र खऱ्या म्हाताऱ्यांची, आणि त्यांना फक्त बोलायचे.

बेंदराच्या दिवशी आपण बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. शिंगे रंगवितो, झूल घालतो, गावातून मिरवितो. थकलेला बैल असला तरी त्यालाही मिरवणुकीत आणतो, पुरणपोळी देतो. त्या लोकांनी तेच केले आहे, असे आम्हांस वाटले.

आमची एक चूक

आता अण्णा का उठून बसले ते सांगतो.

अण्णांच्या वस्तीवर कडुलिंबाखाली एक जुना ट्रॅक्टर उभा होता. त्यांच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात घेतलेला. त्या ट्रॅक्टरने माळ फोडला, दोन विहिरींचे दगड वाहिले, घरातल्या तीन लग्नांच्या वराती नेल्या. त्या दिवाळीच्या आधी तीन हंगामांची गोष्ट. फेब्रुवारी सरत आला होता, तोडणी लांबली होती, उसाला तुरे आले होते आणि वजन दिवसेंदिवस घटत होते. वाहने मिळेनात. आम्हीच अण्णांना म्हणालो, “आपला जुना आहे की. दोन ट्रॉल्या जोडा, एवढी खेप होऊन जाऊ द्या.” स्लिप आम्हीच दिली.

ओढ्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. मागच्या दोन ट्रॉल्यांनी ट्रॅक्टर पुढे रेटला आणि तो चारीत गेला. चालवीत होता अण्णांचा पुतण्या. मांडीचे हाड मोडले, आठ महिने पोर अंथरुणावर. आज चालतो, पण लंगडत. त्या घरातील कोणी आम्हांस एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून तो ट्रॅक्टर कडुलिंबाखाली. त्यावर कोंबड्या बसत. घरातली मंडळी म्हणत, भंगारवाल्याला द्या, डोळ्यांसमोर नको. अण्णांचे मन होईना. तोडायचा नाही आणि जुंपायचाही नाही, तर करायचे काय? याला घरात उत्तर नव्हते. ते उत्तर त्या संध्याकाळी मोबाईलवर दिसले.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला आम्हांस निरोप आला, वस्तीवर या. गेलो. ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा होता. डिझेलची टाकी साफ केलेली, तेल बदललेले, नळ्या नव्या. अण्णांनी आणखी एक काम करून घेतले होते. ट्रॉली जोडायचा मागचा हूक गॅसने कापून टाकला होता. “आता कुणाला मोह व्हायचा नाही. तुम्हालापण,” अण्णा आमच्याकडे बघून म्हणाले. आम्ही मान खाली घातली.

पूजा झाली, नारळ फुटला. बॅटरी नव्हतीच. दुसऱ्या ट्रॅक्टरने दोर लावून हळूहळू ओढला. सीटवर पुतण्या बसला होता. त्याला कोणी बस म्हटले नव्हते, आपण होऊन चढला. आधी दोन-चार वेळा नुसते फिरू दिले, मग क्लच सोडला. काळा धूर आला, मग पांढरा, मग इंजिन बोलू लागले. अण्णा कान लावून ऐकत होते. दहा मिनिटांनी म्हणाले, “बास, बंद कर.” पोराने बंद केला.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्यापैकी पुष्कळांच्या वस्तीवर जुना ट्रॅक्टर, जुने ऑइल इंजिन पडून असेल. भंगारात घालण्याची घाई करू नका. खंडेनवमीला तेलपाणी करून चालू करा, नातवंडांना आवाज ऐकवा. पण हंगामात कितीही ओढ लागली तरी त्याच्या पाठीला ट्रॉली लावू नका. येत्या हंगामाचे वाहतूक करार करताना ब्रेक, हूक आणि पिन आम्ही स्वतः बघणार आहोत. ज्याचे ब्रेक लागत नाहीत त्याला स्लिप मिळणार नाही, मग ऊस कोणाचाही असो. या कारणावरून कोणी आमच्यावर रागावले तर तो राग आम्ही आनंदाने सोसू.

— ऊस विकास अधिकारी