बोरघाटाचा उतार आणि ब्रेकचे टिकाऊपण : सिरॅमिक ब्रेकच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. मुंबईहून पुण्याकडे जाणारा लोहमार्ग कर्जतवरून, तर जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग खोपोलीजवळून बोरघाट चढतो. लोहमार्गाचा घाट १८६३ साली वाहतुकीस खुला झाला आणि द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. इंजिनांची शक्ती वाढत गेली तसा घाट चढण्याचा प्रश्न सुटत गेला. घाट उतरण्याचा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही. २६ जुलै २०२५ रोजी खोपोलीजवळ मुंबईच्या दिशेने उतरणाऱ्या एका कंटेनर ट्रेलरचे ब्रेक निकामी होऊन त्याने अनेक वाहनांना धडक दिली. त्या अपघातात एका महिलेचा मृत्यू झाला व अनेक प्रवासी जखमी झाले.

याच मार्गावरून अलीकडे अतिवेगवान व महागड्या स्पोर्ट्स मोटारीही धावताना दिसतात. त्यांपैकी अनेक मोटारींना कार्बन-सिरॅमिक ब्रेक असतात. हे ब्रेक तापून निकामी होत नाहीत आणि अनेक वर्षे झिजत नाहीत, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज कितपत खरा आहे, आणि घाटाच्या उतारावर ब्रेकचे टिकाऊपण नेमके कशावर अवलंबून असते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उताराचे गणित

ब्रेक गाडी थांबवतो, असे आपण व्यवहारात म्हणतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास तो गतिज किंवा स्थितिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. समजा, १,६०० किलोग्रॅम वजनाची मोटार ५०० मीटर उंचीवरून खाली उतरली. तिची सुमारे ७८ लाख ज्यूल ऊर्जा वाटेत कोठे तरी खर्च व्हावी लागते. हीच मोटार ताशी २०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे केवळ ब्रेकवर संथपणे घाट उतरणे हे ताशी २०० किलोमीटर वेगावरून तीनदा थांबण्याइतके आहे.

मालवाहू वाहनांबाबत हा आकडा फारच मोठा होतो. २५ टनांचा ट्रक तेवढाच उतार उतरला, तर सुमारे १२ कोटी २६ लाख ज्यूल, म्हणजे ३४ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. यातील काही भाग हवेचा विरोध व टायरचे घर्षण यांत खर्च होतो; उरलेल्या ऊर्जेची वासलात चालकाला लावावी लागते. या ट्रकच्या सर्व ब्रेक ड्रमांचे मिळून वजन ३०० किलोग्रॅम धरले आणि वरील ऊर्जेपैकी केवळ निम्मी उष्णता त्यांत साठून राहिली असे मानले, तर त्यांचे तापमान सुमारे ४४० अंश सेल्सिअसने वाढेल.

याच घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात १९१५ पासून वीज निर्माण करीत आहे. पाण्याची उंचीवरील ऊर्जा तेथे उपयोगी पडते. ट्रकची तीच ऊर्जा मात्र ब्रेकच्या लायनरमध्ये जळून जाते.

बिडाचे ब्रेक : गुण व मर्यादा

बहुतेक वाहनांच्या ब्रेकचे ड्रम आणि चकत्या बिडाच्या असतात. बीड स्वस्त असते, उष्णता चांगली वाहून नेते आणि थोडे झिजले तर लेथवर घासून पुन्हा वापरता येते. त्याची मर्यादा तापमानाची आहे. वारंवार तापून थंड होण्याने त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात आणि सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या पुढे त्याची ताकद घटू लागते.

प्रत्यक्षात धोका त्याआधीच सुरू होतो. लायनर फार तापला की त्याचा घर्षणगुणांक कमी होतो. ड्रम तापून प्रसरण पावतो व लायनरपासून दूर जातो. एअर ब्रेक असलेल्या वाहनात त्यामुळे दांड्याला अधिक अंतर सरकावे लागते आणि एका मर्यादेनंतर ब्रेकचा जोर पुरेसा पडत नाही. अशा वेळी कोणताही भाग तुटलेला नसतो. गाडी थंड झाल्यावर तपासली तर ब्रेक व्यवस्थित असल्याचेही आढळू शकते. म्हणूनच ‘ब्रेक फेल झाला’ या वाक्यामागे बहुधा एका क्षणाची घटना नसून कित्येक मिनिटे साठत गेलेली उष्णता असते.

सिरॅमिक ब्रेकची रचना

ब्रेकसाठी कार्बनचा वापर प्रथम विमानांत रूढ झाला. रस्त्यावरील मोटारींत पोर्शे कंपनीने या शतकाच्या आरंभी ९११ मालिकेतील मोटारींना कार्बन-सिरॅमिक चकत्या बसविल्या. फेरारीच्या २००२ सालच्या एन्झो या मोटारीतही त्या होत्या.

या चकतीच्या निर्मितीत कार्बनचे तंतू रेझिनमध्ये मिसळून साच्यात दाबतात. हा गोळा प्राणवायूविरहित भट्टीत भाजला की रेझिनचा कार्बन बनतो व सच्छिद्र पिंड मिळतो. त्यात वितळलेले सिलिकॉन शोषले जाते. सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळते, यावरून या प्रक्रियेतील तापमानाची कल्पना येईल. सिलिकॉन व कार्बन यांच्या संयोगाने सिलिकॉन कार्बाइड हा अत्यंत कठीण पदार्थ तयार होतो आणि त्यात कार्बनचे तंतू बळकटीसाठी राहतात. अशी चकती बिडाच्या चकतीच्या सुमारे निम्म्या वजनाची असते. ती गंजत नाही आणि ज्या तापमानाला बीड दुबळे होते त्याही पुढे आपली ताकद टिकवून धरते. कोकणातील पावसाळ्यात चार दिवस उभ्या राहिलेल्या मोटारीच्या बिडाच्या चकत्यांवर तांबेरा चढतो. सिरॅमिक चकतीबाबत तसे होत नाही.

टिकाऊपणाविषयीचे आक्षेप

हे गुण मान्य करूनही काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली मर्यादा ऑक्सिडीभवनाची आहे. सिलिकॉन कार्बाइड उष्णतेला दाद देत नाही; पण त्यातील कार्बनचे तंतू सुमारे ४०० ते ५०० अंशांपुढे हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू जळू लागतात. शर्यतीच्या मार्गावर वारंवार जोराने ब्रेक लावल्यास ही क्रिया वेग घेते. अशा वेळी चकतीची जाडी फारशी कमी होत नाही, पण ती आतून पोकळ होत जाते. त्यामुळे या चकतीची झीज केवळ जाडी मोजून कळत नाही. तिचे वजन करावे लागते. काही उत्पादक किमान वजन चकतीवरच नोंदवून ठेवतात. साध्या रस्त्यावर दीर्घकाळ टिकणारी चकती शर्यतीच्या मार्गावर लवकर बाद होऊ शकते, याचे कारण हेच आहे.

दुसरी मर्यादा ठिसूळपणाची. चाक काढताना किंवा बसविताना ते चकतीच्या कडेवर आदळले, तर कपचा उडू शकतो. रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात घाईघाईने चाक बदलणे येथे महागात पडते. बिडाच्या चकतीप्रमाणे तिला गावातील लेथवर घासून घेता येत नाही आणि नव्या चकत्यांच्या संचाची किंमत लाखांच्या घरात जाते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत दुर्लक्षित आहे. चकती टिकली म्हणजे ब्रेक टिकला असे नव्हे. मोटारीच्या ब्रेकचा दाब ब्रेक ऑईलमधून पोहोचतो आणि हे ऑईल हवेतील बाष्प शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे मानकच सांगते. कर्जत-खालापूरसारख्या दमट हवेच्या प्रदेशात जुने ऑईल वापरीत राहिल्यास उतारावर ते उकळू शकते. वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही आणि पेडल तळाला टेकते. चकती लाखो रुपयांची असली तरी या दोषावर तिच्याकडे उपाय नाही.

लोहमार्गाचा अनुभव

उष्णता सोसणारा पदार्थ शोधणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे ब्रेकवर भारच कमी टाकणे. कर्जत तालुक्यातील लोहमार्गांनी या दुसऱ्या मार्गाचा धडा फार पूर्वी गिरवला आहे.

बोरघाटातील लोहमार्गाचा कमाल चढ ३७ फुटांस एक फूट असा आहे. १९२९-३० च्या सुमारास हा मार्ग विजेवर आला, तेव्हा मालगाड्यांसाठी आणलेल्या ‘क्रोकोडाइल’ इंजिनांत पुनर्जनित ब्रेकची सोय होती. उतरताना इंजिनाच्या मोटारीच जनित्राचे काम करीत, गाडीचा वेग आवरत आणि वीज तारेत परत पाठवीत. चाकावर घासणाऱ्या ब्रेकचा भार त्यामुळे हलका होई. याशिवाय घाटात मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणाऱ्या कॅच सायडिंग ठेवल्या गेल्या. उतरणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री झाल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो; ताबा सुटलेली गाडी सायडिंगच्या चढावर जाऊन थांबते. नेरळ-माथेरान या १९०७ सालच्या छोट्या रेल्वेवर वीस फुटांस एक फूट इतका तीव्र चढ आहे. तेथे डब्याडब्यांवर बसलेले ब्रेकमन हातब्रेक चालवीत.

या तिन्ही व्यवस्थांमागील विचार एकच आहे : एकट्या ब्रेकवर विसंबू नये, आणि तो निकामी होईल हे गृहीत धरून तयारी ठेवावी.

रस्त्यावरील वाहनांत हेच काम इंजिन करते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्रशुद्ध आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरणे म्हणजे सारी उष्णता लायनरवर लोटणे होय. अवजड वाहनांतील एक्झॉस्ट ब्रेक व रिटार्डर हे त्याच तत्त्वावरील पूरक उपाय आहेत. विजेवरील मोटारी तर उतरताना बॅटरी भरून घेतात. मात्र लोणावळ्यालाच बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ती ऊर्जा साठवायला जागा उरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

निष्कर्ष

कार्बन-सिरॅमिक ब्रेक ही पदार्थविज्ञानाची मोठी सिद्धी आहे; तथापि तिचे टिकाऊपण बिनशर्त नाही. कमी वजन, गंजरोधकता आणि उष्णतेतील ताकद हे तिचे खरे लाभ, तर ऑक्सिडीभवन, ठिसूळपणा आणि किंमत या तिच्या मर्यादा होत. बोरघाट शिस्तीने, योग्य गिअरमध्ये उतरणाऱ्या मोटारीला बिडाचे ब्रेकही पुरेसे आहेत. ज्या अवजड वाहनांचे ब्रेक येथे खऱ्या अर्थाने कसोटीला लागतात, त्यांना सिरॅमिक चकती परवडणारी नाही.

म्हणून खालापूरच्या उतारावरील जीवितहानी टाळण्याचा उपाय महागड्या पदार्थात शोधण्यापेक्षा भाराची मर्यादा, ब्रेकची नियमित तपासणी, वेळेवर बदललेले ब्रेक ऑईल व लायनर, पूरक ब्रेकची सक्ती आणि चालकांचे प्रशिक्षण यांत शोधणे अधिक श्रेयस्कर ठरेल. ब्रेक जितका कमी वापरावा लागेल, तितका तो गरजेच्या क्षणी हमखास उपयोगी पडेल.