आजी निघाल्या जर्मनीला!

मुलांनो, बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, हे तुम्ही घरोघरी पाहिलं असेल. पण माहेरच उठून मुलीकडे निघालं तर? आणि तेही आपल्या शेलूबाजारहून थेट जर्मनीला!

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी हेच घडलं. तिची आत्या जर्मनीत नोकरी करते. मार्चमध्ये बाळ होणार होतं आणि मदतीला जायचं होतं आजीला, एकटीला. आजींचा आजवरचा सर्वात लांबचा प्रवास म्हणजे पंढरपूर. मराठी वाचता येतं, पण इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. "मॅडम, आजीला रात्री झोपच येत नाही," नातीनं मला सांगितलं.

खरं सांगू? मी स्वतःही कधी विमानात बसलेले नाही. पण अण्णा भाऊ साठे आठवा. वाटेगावचा हा लेखक शाळेत गेला जेमतेम दीड दिवस, आणि 1961 साली रशियाला जाऊन आला. परत आल्यावर त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. मग आपल्या आजी का नाही जाणार? आम्ही वर्गात एक वही केली. आत्याला फोनवर विचारायचं, खात्री करायची आणि वहीत लिहायचं. तीच वही आज तुमच्यासाठी उघडते.

आधी कागद, मग बॅग

परदेशी जायला पासपोर्ट लागतो आणि त्या देशाची परवानगी, म्हणजे व्हिसा. युरोपातल्या 29 देशांनी मिळून एक व्यवस्था केली आहे, तिला शेंगेन म्हणतात. जर्मनी त्यातच आहे. पासपोर्ट 10 वर्षांपेक्षा जुना नको, त्यात दोन पानं कोरी हवीत, आणि परत निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने त्याची मुदत शिल्लक हवी. किमान 30,000 युरोंचा प्रवास वैद्यकीय विमाही लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका.

पासपोर्टवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आपल्याकडे आधार कार्डावर एक, बँकेत दुसरं, असं फार होतं. नातीनं दोन्ही नावं बोट ठेवून जुळवून पाहिली. शुद्धलेखन असं कामाला येतं, बरं का!

लाडवांचा डबा

आजींनी पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता, "पोरीसाठी डिंकाचे लाडू अन् घरचं तूप नेतो." इथे मोठी अडचण आली. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप, खवा, पेढे सगळं त्यात आलं. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे. सापडलं तर काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. आजींचं विमान मुंबईहून दुबईमार्गे होतं. लाडवात आपण खसखस घालतो. पण दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं गुन्हा आहे! आपल्या स्वयंपाकघरातली साधी वस्तू, पण तिथे अटक होऊ शकते. म्हणून वहीत आम्ही लाल शाईनं लिहिलं : 'ज्या देशात फक्त विमान बदलायचं, त्याचेही नियम पाहावेत.'

आजींचा चेहरा उतरला. मग आत्यानंच तोड काढली. डिंक, खारीक आणि सुंठ इथून न्यायची. लोणी तिथल्या दुकानात मिळतं, तूप तिथेच कढवायचं. "हं, मंग जमते," आजी म्हणाल्या.

लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत ठेवा, कारण हातातल्या बॅगेत पातळ पदार्थांची बाटली 100 मिलिलिटरपर्यंतचीच चालते. रोजच्या गोळ्या मात्र हातातल्या बॅगेतच असू द्या, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी.

विमानतळावर

तिकीट काढतानाच 'मदतनीस हवा' असं कळवता येतं. तो चाकांच्या खुर्चीतून प्रवाशाला विमानापर्यंत नेतो. आजी एकदम म्हणाल्या, "माले काय पाय नाईत काय? मी काहून बसू खुर्चीत?" ऐकेनातच! मग नातीनं पुठ्ठ्याची कार्डं केली. एकावर विमानाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत. दुसऱ्यावर आत्याचा पत्ता आणि फोन. तिसऱ्यावर एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत : 'मला इंग्रजी येत नाही. कृपया मला या विमानाच्या दारापर्यंत पोचवा.' आठ दिवस आजी इंग्रजी आकडे गिरवत होत्या.

दुबईत त्याचा उपयोग झाला. आजी एका दाराशी जाऊन बसल्या आणि दार बदललं. फलकावर आपल्या विमानापुढचा आकडा वेगळा दिसतोय, हे त्यांनीच ओळखलं. गणवेशातल्या एका बाईंना कार्ड दाखवलं आणि वेळेत पोचल्या. विचारायला लाजला तो चुकला, हे प्रवासात पक्कं लक्षात ठेवा.

जर्मनीत उतरल्यावर

तिथे बहुतेक रेल्वेस्थानकांवर तिकीट तपासणारं फाटक नसतं. म्हणून फुकट जायचं असं नाही! तपासनीस कधीही डब्यात येतो आणि विनातिकीट प्रवाशाकडून 60 युरो घेतो. काही तिकिटांवर चढण्याआधी यंत्रात शिक्का मारावा लागतो.

रस्त्यावर वाहनं उजव्या बाजूनं धावतात, त्यामुळे ओलांडताना आधी डावीकडे पाहा. सिग्नलवरचा माणूस लाल असेल तर रस्ता रिकामा असला तरी थांबा. सायकलींची वाट वेगळी असते, तिच्यावरून चालू नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून किराणा शनिवारीच आणावा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली विकत घेतली तर बहुधा 25 सेंट अनामत द्यावी लागते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. आजी आता नातीला सांगतात, "तिथं कचऱ्यालेबी किंमत हाय!" अडचण आली तर 112 हा क्रमांक युरोपात कुठूनही फुकट लागतो.

आणि घड्याळ! हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात, मग फरक साडेतीन तासांचा. नात एकदा सकाळी सात वाजता हौसेनं फोन लावायला निघाली. एप्रिल महिना होता. तिथे तेव्हा किती वाजले असतील, सांगा बरं? पहाटेचे साडेतीन! बाळ नुकतंच झोपलेलं.

फळ्यावरचं गणित

या व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. आजी 10 मार्चला पोचणार होत्या. परतीचं तिकीट कधीचं काढायचं? घरच्यांनी 10 मार्चमध्ये 90 मिळवले आणि 8 जून ठरवला. मी तेच गणित वर्गात फळ्यावर घातलं. सगळ्यांचं उत्तर 8 जूनच आलं. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, पोचल्याचा दिवस मोजला काय?"

पोचल्याचा दिवस आणि निघायचा दिवस, दोन्ही मोजतात. मार्चचे 22, एप्रिलचे 30, मेचे 31 मिळून 83. उरले 7. म्हणजे शेवटचा दिवस 7 जून! एक दिवस जास्त झाला असता तर आजींना विमानतळावर जाब द्यावा लागला असता, आणि पुढच्या वेळी व्हिसा मिळणं अवघड झालं असतं. तिकीट 5 जूनचं काढलं, दोन दिवस हाताशी ठेवून.

निघताना आत्या रडली. "अजून आठ दिवस राहा न माय," म्हणाली. आजींनी बाळाच्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "नियम हाय बाई. पुन्हा येतो."

आता घरी एक काम करा. तुमच्या आजी-आजोबांना इंग्रजी आकडे आणि स्वतःचं नाव ओळखायला शिकवा. जर्मनीला जावो न जावो, वाशिमच्या दवाखान्यातसुद्धा त्यांना ते उपयोगी पडेल.